पासिर रिसची गुरवीण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे निर्माल्य पुरणं.

सिंगापूरला, आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये कचरा टाकायला स्वयंपाकघरातच एक झडप आहे. झडप ओढायची, पिशवी सोडायची, की ती नऊ मजले आपटत खाली जाते. सगळी बिल्डिंग त्यातच टाकते. माझ्या बायकोनं देवाची फुलं त्यात कधी टाकली नाहीत. "माशाची आतडी आणि देवाचा बेल एकाच नळीतून? मला जमणार नाही," म्हणाली. खाली रहिवाशांची सामाईक बाग आहे. तिथल्या माळीकाम करणाऱ्या मंडळींशी खाणाखुणा करून तिनं कढीपत्त्याच्या बुंध्याशी हातभर जागा मिळवली. रोज संध्याकाळी आम्ही पिशवी घेऊन खाली. खुरपं माझ्याकडे, हुकूम तिच्याकडे.

"खोल करा की जरा. मांजर उकरंल."

"मांजराला बेल खायचाय होय?"

"तुम्हाला नाही कळायचं. बॉयलरवाले तुम्ही."

मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो, हे ती मला जन्मभर ऐकवत आली. त्या संध्याकाळीही ऐकवलं. मग वर आलो, जेवलो. रात्री तिच्या छातीत दुखलं आणि उजाडायच्या आत दवाखान्यात ती गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहायला मी सातवी शिकलेला माणूस. जे नीट येत नाही ते सोडून देतो.

तिचं नाव इंदू. जातीनं आम्ही दोघंही गुरव. गुरव म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. शंकराच्या देवळाची झाडलोट, पाणी, बेल, दिवाबत्ती बघतो तो गुरव. भटजी मंत्र म्हणून घरी जातो. गुरव मागं राहतो. माझ्या बापानं देवळातली आमची पाळी चुलत्याला देऊन टाकली आणि कारखान्याची नोकरी धरली. त्यामुळे मी नावाचाच गुरव. इंदू मात्र खरी. पोरगी चालायला लागली तेव्हापासून बापाच्या मागं घागर घेऊन.

तिची एकच काळजी होती. देव पारोसा राहता कामा नये. सकाळ झाली की त्याला पाणी मिळालंच पाहिजे. तिच्याबरोबर माहेरून एक छोटी पिंड आली होती, मुठीत मावेल एवढी. ती आमच्या कारखान्याच्या चाळीत होती, आमच्या मुलाच्या, मिलिंदच्या, शिक्षणाला पुण्यात गेलो तेव्हा पुण्यात होती, आणि मिलिंद इथं बँकेत लागून कायमचा झाला तेव्हा विमानात तिच्या मांडीवर होती. पाणी घालताना ती देवाशी बोलायची, तेही प्रेमानं नाही. "हां, वळा. काल कुंकू नीट निघालं नव्हतं. बसा गप्प." गावाकडे थंडीत ती त्याला कोमट पाणी घालायची. इथं आल्यावर म्हणाली, "याचं बरं झालं. बारा महिने गार पाणी चालतंय."

आणि त्यातूनच तिचा तो प्रश्न. पहिल्यांदा कधी विचारला ते आठवत नाही, पण इथं आल्यावर फारच विचारायला लागली.

"अहो, मी मेले की त्या दिवशी याला पाणी कोण घालणार?"

"मी आहे की."

"तुम्ही? तुम्हाला त्या दिवशी सुतक नसंल का?"

खरं होतं. घरात माणूस गेलं की दहा दिवस घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही. मी नाही, मिलिंद नाही, सून नाही, नात ईरा नाही. घरात माणसं चार, आणि त्या दिवशी एकाचाही हात चालणार नाही. गावाकडे याची सोय असते. हिचा बाप वारला त्या सकाळी शेजारच्या गावचा, दुसऱ्या भाऊकीतला गुरव न सांगता आला, देवाला पाणी घालून गेला. प्रेताकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं, आधी देव. इथं कोण येणार?

तिच्या बापाचं सांगतो, म्हणजे ही कुठल्या मातीची होती ते कळेल. त्यांचं गाव धरणात गेलं. माणसं वरच्या माळावर वसवली, देऊळ खाली राहिलं. दगडी, जुनं, कुणी बांधलं कुणाला माहीत नाही. पावसाळ्यात पूर्ण पाण्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर दिसायचं, मग मंडप. आमचं लग्न होऊन दोन महिने झाले होते, मी सासुरवाडीला गेलो होतो, तेव्हा नेमकं ते वर आलं होतं. शहरातून गाड्या आल्या होत्या. गळ्यात कॅमेरे घातलेली माणसं गाळातून उड्या मारत होती. एक जण म्हणाला, "बाबा, केवढं मोठं मंदिर सापडलंय, बघा!"

सासरे धोतर खोचत म्हणाले, "हरवलं नव्हतं हो. बुडालं होतं."

आणि गुडघाभर गाळातून घागर घेऊन आत गेले. मी नवा जावई, तोंडाळ. म्हणालो, "मामा, वर्षभर पाण्यातच बसलाय तो. त्याला आणि पाणी कशाला?"

"ते धरणाचं," ते म्हणाले. "हे माझं."

मागं इंदू बेलाची टोपली घेऊन उभी होती. मला बघून अशी हसली की टोपली कलंडली. तेव्हाच मला समजायला हवं होतं की आपण कुणाच्या घरात पडलोय.

तर इथं सिंगापूरला तिनं त्या दिवसासाठी माणूस शोधायला सुरुवात केली. हसू नका, खरंच शोधलं. मराठी मंडळींच्या गणपतीत एक बाई भेटल्या, जुरोंग ईस्टला राहणाऱ्या, कंपनीत हिशेब बघणाऱ्या. सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या. इंदूनं त्यांना मोदकाच्या ताटासमोर विचारलं, "मी गेल्यावर पहाटे पहाटे येऊन माझ्या देवाला पाणी घालाल का?"

बाईंचा चेहरा पडला. "काकू, असं काय बोलता! शंभर वर्षं जगाल."

"जगंन की. पण नंतर?"

"आणि आम्ही पडलो बेटाच्या दुसऱ्या टोकाला," बाई म्हणाल्या. "पहाटे गाड्याही नसतात."

येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ही म्हणाली, "बाई चांगली आहे. पण लांब आहे."

ईरानं तिला तोड काढून दिली. आमची नात इथल्याच शाळेत शिकते, मराठी कळतं पण उत्तर इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत. म्हणाली, "आजी, हँग दॅट पॉट लाह, विथ द होल. वॉटर कम्स बाय इटसेल्फ." म्हणजे अभिषेकपात्र टांगून ठेव.

इंदूनं तिची वेणी घालता घालता सांगितलं, "तुला आंघोळ घालायला तुझ्या आईनं नळ सोडून दिला असता आणि ती ऑफिसला गेली असती, तर चाललं असतं का?"

"नो."

"मग."

कंबोडियाला जायचं मिलिंदनं ठरवलं. शाळेची सुट्टी होती, विमानानं दोन-अडीच तासांचा रस्ता. "आई, जुनी हिंदू देवळं आहेत, हजार वर्षांपूर्वीची. जंगलात सापडली. तुला आवडेल." हिनं लगेच बेल भरून घेतला डब्यात. विमानतळावर तो त्यांनी काढून घेतला तेव्हा तिथल्या तपासणीच्या पोरीला म्हणाली, "फेकू नकोस हं, पाण्यात ठेव." पोरीला काय कळणार. हसली बिचारी.

अंकोर वाट आम्ही पहिल्या दिवशी बघितलं. सगळं जग तिथं पहाटे तळ्याकाठी फोन वर धरून उभं असतं. इंदू म्हणाली, "मोठं आहे." एवढंच. तिची देऊळ बघायची रीत वेगळी होती. लोक दारातून आत बघतात, ही आधी बाजूनं जाऊन उत्तरेला पन्हळ शोधायची. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती दगडी पन्हळ. "देवळाची नाडी तिथं असते," म्हणायची. "तिथं शेवाळ असलं तर देव जित्ता आहे."

तिसऱ्या दिवशी गाइड आम्हाला लांबच्या एका देवळात घेऊन गेला. नाव मला अजून म्हणता येत नाही. गाडी सोडून बराच वेळ झाडीतून चालायचं. गाइड तरुण पोरगा, हसरा, पण तिथं मात्र हसला नाही. पायवाट सोडू नका म्हणाला, जुन्या लढाईतले सुरुंग अजून जमिनीत असतील. मिलिंदनं सगळ्यांना दोनदा बजावलं. मग झाडांच्या मधून ते दिसलं. भिंतीवर झाड बसलं होतं. पारावर झाड असतं तसं नाही, अजगर भक्ष्य धरतो तसं, मुळ्यांनी अख्खी भिंत आवळून. दगड इकडं तिकडं पडलेले. गाइड सांगत होता की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच साहेबाला हे सापडलं, त्याआधी जंगलानं गिळलेलं होतं. ईरा आम्हाला मराठीत सांगत होती, तिच्या इंग्रजी मिसळलेल्या मराठीत.

इंदूनं विचारलं, "त्या साहेबाला वाट कुणी दाखवली, ते विचार."

ईरानं विचारलं. "विलेजर," गाइड म्हणाला.

"हां," इंदू म्हणाली. तिला तेवढंच हवं होतं. ती बाजूनं उत्तरेला गेली.

पन्हळ होती. दगडाची, तोंड मगरीसारखं, अर्धी मातीत. आत गाभाऱ्यात शाळुंका, म्हणजे पिंडीची दगडी बैठक, होती, पिंड नव्हती, नुसतं मधे चौकोनी भोक. कुणी नेली, कधी नेली, देव जाणे. आमचा सगळा घोळका गाइडच्या मागून देवळाला वळसा घालत पुढं निघाला. आता शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा नसते, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. पन्हळ ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. गाइडनं ओलांडली, मिलिंदनं ओलांडली, सुनेनं ओलांडली. मीही ओलांडली. छप्पर नाही, पिंड नाही, पन्हळ कोरडी, माझ्या काही डोक्यात आलं नाही. इंदू पन्हळीपाशी थांबली आणि मागं फिरली. आम्ही एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं.

पलीकडून बाहेर पडून बरंच पुढं गेल्यावर मिलिंद म्हणाला, "आई कुठाय?"

मी त्याला लहानपणापासून ओळखतो, पण तसा चेहरा त्याचा कधी बघितला नव्हता. "आई! आई!" करत सुटला. गाइड धावतोय, "नो, सर, स्टे ऑन पाथ!" सून रडायला लागलेली. माझ्या मनात एकच, तो सुरुंग. झाडी इतकी दाट की हाक दहा पावलांवर मरते.

सापडली ती गाभाऱ्याच्या मागच्या सावलीत. एका दगडावर बसलेली, शेजारी एक स्थानिक म्हातारी, डोक्याला चौकड्यांचा पंचा गुंडाळलेला, हातात खराटा. दोघी ताडाचा गूळ खात होत्या. शाळुंकेतला पाचोळा दोघींनी मिळून काढला होता. त्या चौकोनी भोकाशी लाल कापडाची पट्टी आणि एका करवंटीत पाणी ठेवलेलं.

मिलिंद तिच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. "आई, किती शोधलं तुला! हरवलीस म्हणून जीव गेला आमचा!"

"मी कुठं हरवले? मी देवळातच होते," इंदू म्हणाली. "तुम्ही पुढं गेलात."

"इथं सुरुंग आहेत, आई!"

"आल्या वाटेनंच आले की. नवी वाट मी कुठं धरली? नवी तुम्ही धरलीत."

गाइडच घाबरून घामाघूम झाला होता. त्याला या बोलण्याचं ईरानं काय भाषांतर केलं देव जाणे, पण तो खाली बसला आणि हसत सुटला. मग इंदूनं त्याच्याकडून त्या म्हातारीची चौकशी सुरू केली. मिलिंद बाजूला पाण्याची बाटली धरून उभा.

"तिला विचार, हे कोण आहे?" शाळुंकेकडे बोट.

गाइडनं विचारून सांगितलं. ईरा म्हणाली, "आजी, शी सेज ग्रँडफादर. बट नॉट हर रिअल ग्रँडफादर लाह. एव्हरीबडीज."

"बरोबर आहे. ज्याला रोज बघायचं तो घरचाच म्हातारा. आता विचार, हिची पाळी कशी? वंशात आलीय का? कुणी नेमलंय?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. दोन-तीनदा विचारून झाल्यावर तिनं खराट्यानं झाडीकडे दाखवलं. तिथं पत्र्याचं एक छप्पर दिसत होतं.

"नोबडी अपॉइंट हर," ईरा म्हणाली. "शी सेज हर हाऊस इज निअरेस्ट."

जाताना इंदूनं आपल्या नेसूच्या पदरानं ती शाळुंका एकदा पुसली, त्या म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि निघाली. गाडीत मी म्हणालो, "काय गं, गुरवीण भेटली वाटतं दुसरी?"

"गुरवीण नव्हे ती," म्हणाली. "शेजारीण आहे."

परत आल्यावर मिलिंदनं जाहीर केलं, आता पुन्हा नाही, आईला कुठल्या जंगलात न्यायचं नाही. तिलाही परत जायचं नव्हतं. माझ्या हळूहळू लक्षात आलं की तिनं तो प्रश्न विचारायचं सोडून दिलं. महिने गेले, एकदाही नाही. मराठी मंडळात कुणाला धरलं नाही. मी एकदा चिडवायला मुद्दाम विचारलं, "काय, त्या दिवसाचा बंदोबस्त झाला का?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "होतो. कुणीतरी असतंच." बस. कोण असतं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारपणानं सैल पडली.

तिला मी शेवटची बघितली ती लिफ्टच्या दारात. स्ट्रेचरवर, तोंडाला नळी. माझ्याकडे बघून तिनं हात हलवला, मला वाटलं निरोप देतेय. नाही. माझ्या पायांकडे दाखवत होती. मी अनवाणी निघालो होतो. चपला घालायला मागं फिरलो तोवर लिफ्ट गेली. दुसऱ्या लिफ्टनं खाली गेलो तर गाडीचं दार लागलेलं. दवाखान्यात त्यांनी आत नेलं तिला, आणि बाहेर आणलं ते बघणं मला मोजायचं नाही.

सकाळी मिलिंद आणि मी घरी आलो. देह दुपारी येणार होता. सून गौरी कपाटात काहीतरी शोधत होती.

"बाबा," मिलिंद म्हणाला, "देव्हारा झाकायचा ना? दहा दिवस. गौरी कापड बघतेय."

देव्हाऱ्यात कालची फुलं तशीच होती. पिंडीवर कालचं गंध सुकून चिरा पडलेलं. उजेड चांगला वर आला होता. या वेळेला तिचं पाणी घालून झालेलं असायचं.

"थांब जरा," मी म्हणालो.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक चिनी म्हातारी राहते, एकटी. कॉरिडॉरमध्ये तिच्या दाराशी लाल डबा असतो, त्यात ती सकाळी उदबत्त्या खोचते. आम्ही तिला दिवाळीत चकली देतो, ती तिच्या नव्या वर्षाला संत्री देते. यापलीकडे आमचं बोलणं नाही. माझं इंग्रजी तिच्याइतकंच. मी दार उघडून बाहेर आलो आणि तिच्या लोखंडी जाळीवर टकटक केलं.

मागून सून आली. "बाबा, काय करताय? त्यांना आपलं काही माहीत नाही."

"माहीत काय असायला लागतं? पाणी घालायचंय."

"अहो, पण लोक..."

"कुठले लोक? जुरोंगचे?"

मिलिंद दारातच उभा होता. त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारी आली, फुलाफुलांच्या पायजम्यात, केसांना पिना. मी म्हणालो, "आंटी. माय वाइफ. नो मोअर."

तिनं तोंडावर हात धरला. माझ्या मागं, आमच्या घरात बघितलं. मग जाळी उघडून माझं मनगट धरलं, घट्ट. काहीतरी बोलली तिच्या भाषेत. तिनं सोडेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

"गॉड," मी म्हणालो. देव्हाऱ्याकडे दाखवलं. "वॉटर. मी नो. सन नो. ऑल हाऊस नो. यू, प्लीज."

तिला कळलं की नाही, मला शंका होती. पण तिनं आमच्या दाराबाहेर चपला काढल्या. आत आल्यावर आधी स्वयंपाकघरात जाऊन साबण लावून हात धुतले, कुणी न सांगता. मी लांबूनच बोटानं तांब्या दाखवला, पिंड दाखवली. ती देव्हाऱ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून सगळं पाणी एकदम ओतलं. ताम्हन भरलं, चौरंगावरून ओघळ खाली आला, फरशीवर सांडला. तिनं हात जोडून तीनदा वाकून नमस्कार केला. काय म्हणाली ते तिला माहीत. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हाऊ मेनी डे?"

मी दहा बोटं वर केली.

"कॅन," ती म्हणाली. म्हणजे होईल.

ती गेल्यावर मी फडकं आणलं आणि फरशीवरचं पाणी पुसून घेतलं.